पीसीओएसच्या गोळ्या आणि गरोदरपण: काय थांबवावे, काय चालू ठेवावे

पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी अनियमित होते असा विकार, असलेल्या स्त्रीला पाळी चुकली तर त्यात विशेष काही वाटत नाही, आणि औषधांच्या बहुतेक गोंधळाचे मूळ इथेच आहे. जिची पाळी महिन्याच्या महिन्याला येते तिला चार दिवस उशीर झाला तरी शंका येते. पण पंचेचाळीस किंवा साठ दिवसांच्या चक्राची सवय झालेली स्त्री ‘हे आपले नेहमीचेच’ म्हणून दुर्लक्ष करते आणि तोवर मुरुमांची, केसांची, वजनाची, रक्तदाबाची औषधे नेमाने घेत राहते. गर्भाचे हृदय, मेंदू आणि हातपाय नेमके याच आठवड्यांत घडत असतात. म्हणून औषधांची आखणी चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर करून चालत नाही. मूल हवे असे ठरेल त्याच आठवड्यात ती करायला हवी. ज्यांनी तसे काही ठरवलेले नाही, पण गर्भनिरोधकही वापरत नाहीत, त्यांनीही हा लेख स्वतःसाठीच आहे असे समजावे.

एक सवय मात्र आजच लावून घ्यावी. पाळी आणण्यासाठी दिलेली गोळी, मग ती नोरेथिस्टेरॉन असो, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असो किंवा ओळखीच्या कोणी सुचवलेला काढा असो, सकाळच्या पहिल्या लघवीची गर्भचाचणी केल्याशिवाय घेऊ नये. चाचणी निगेटिव्ह आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. चाचणीचे पाकीट कोणत्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते.

मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा फार्मासिस्ट आहे. घरातून आणलेले गोळ्यांचे डबे मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांतली अर्धी अडचण आम्ही दुकानदारांनीच निर्माण केलेली असते. दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून देताना औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख कापलेल्या भागाबरोबर दुकानातच राहते, आणि घरी उरतात त्या नुसत्या चकचकीत चौकोनातल्या चार पांढऱ्या गोळ्या. नाव दिसत असले तरी त्यामागची अक्षरे कोणी वाचत नाही. मधुमेहात आणि पीसीओएसमध्ये दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनच्या ब्रँडपुढे ‘जी १’ असेल तर सहसा त्यात ग्लिमेपिराइड हे साखर खाली आणणारे दुसरे औषध असते. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनपुढे ‘एएम’ असेल तर अ‍ॅम्लोडिपिन आणि ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. त्यामुळे पहिली पायरी अशी की, घरातली सगळी पाकिटे, मलमे, पावडरी, चूर्णे आणि इंजेक्शनची पेने एका पिशवीत घालून ती पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांसमोर ठेवावी. आठवणीने सांगितलेल्या यादीत त्वचारोगतज्ज्ञांची औषधे हमखास गळतात, आणि सर्वांत घातक औषध बहुधा त्यांतच असते.

ते औषध म्हणजे आयसोट्रेटिनॉइन, मुरुमांसाठी दिली जाणारी कॅप्सूल. तिच्यामुळे गर्भात गंभीर दोष उद्भवतात. ती बंद केल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे आवश्यक असते. केसांसाठीचे स्पायरोनोलॅक्टोन आणि फिनास्टेराइड ही दोन्ही पुरुषी संप्रेरकांना अडवणारी औषधे आहेत, आणि गर्भ मुलाचा असल्यास जननेंद्रियांच्या घडणीत ती अडथळा आणू शकतात. त्यामुळे प्रयत्न सुरू करण्याआधीच ती थांबवावीत. नवऱ्याला टक्कल पडू नये म्हणून फिनास्टेराइड चालू असेल, तर त्याच्या फुटलेल्या गोळ्यांनाही गरोदर स्त्रीने हात लावू नये. मुरुमांसाठीची डॉक्सीसायक्लिन आणि मिनोसायक्लिन तसेच ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन असलेली मलमे बदलून घ्यावीत. वजनासाठी सेमाग्लुटाइड घेत असल्यास गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ते बंद करायचे असते, कारण ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्याही बहुतेक जणींच्या बाबतीत थांबवल्या जातात. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, पण त्या स्वतःहून सोडून द्यायच्या नाहीत. डॉक्टर त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात, आणि पर्याय हातात आल्यावरच जुनी गोळी थांबते.

यांपैकी एखादे औषध चालू असतानाच दिवस गेल्याचे कळले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. आयसोट्रेटिनॉइन लगेच थांबवून तातडीने तज्ज्ञांना भेटावे. स्पायरोनोलॅक्टोन किंवा स्टॅटिनच्या काही गोळ्या पोटात गेल्या म्हणून कोणी घाईने गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. किती मात्रा, कोणत्या आठवड्यात, हे पाहून आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या आधारे सल्ला दिला जातो.

दिवस राहावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलविषयी वेगळे सांगावे लागते, कारण पाकिटातला कागद वाचून घाबरलेल्या मुली दुकानात येतात. त्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख असतो. भारतात वंध्यत्वासाठी या औषधाच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली, त्यामुळे घरातल्या जाणत्यांनी काही ऐकलेले असले तर तेही खोटे नसते. पण बीज तयार होण्यासाठी ते पाळीच्या सुरुवातीला साधारण पाच दिवसच घेतले जाते आणि गर्भ रुजेपर्यंत शरीरातून निघून गेलेले असते. दिवस राहिल्यावर त्यातले पुढे चालू ठेवण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक नव्या फेरीआधी गर्भचाचणी करणे एवढेच पथ्य पाळायचे.

आता मेटफॉर्मिन. पीसीओएसच्या डब्यातली ही सर्वांत जुनी रहिवासी, आणि हिच्याविषयी तीन डॉक्टरांकडून तीन उत्तरे मिळतात: चाचणी येताच बंद करा, बारा आठवडे घ्या, प्रसूतीपर्यंत घ्या. यात कोणी फसवत नाही. ते औषध कशासाठी दिले होते यावर उत्तर अवलंबून असते. पूर्वीपासून मधुमेह असेल, तर मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये, कारण पहिल्या आठवड्यांत वाढलेली साखर गर्भाला गोळीपेक्षा कितीतरी अधिक अपाय करते. मधुमेह नसून केवळ पाळी नियमित व्हावी किंवा दिवस राहावेत म्हणून गोळी दिली असेल, तर तिचे काम झालेले असते आणि ती पुढे घ्यायची की नाही हा चर्चेचा विषय ठरतो. नॉर्वे, स्वीडन आणि आइसलंडमधील पीसीओएस असलेल्या ४८७ गरोदर स्त्रियांवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन देऊनही गरोदरपणातला मधुमेह टळला नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही मधुमेह किंवा वाढता रक्तदाब टाळण्यासाठी ते द्यावे असे सांगत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असल्यास विचार करता येईल, असे त्या म्हणतात. हे औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचते, आणि अशा मुलांचे वजन पुढे बालपणात थोडे अधिक राहण्याची शक्यता दिसली आहे. त्याच वेळी, त्याच्यामुळे जन्मजात दोष होतात असे आढळलेले नाही. म्हणून डॉक्टरांना ‘चालू ठेवू का?’ असे मोघम न विचारता ‘माझ्या बाबतीत ही गोळी कशासाठी आहे, आणि कोणत्या आठवड्यापर्यंत?’ असे विचारावे आणि मिळालेले उत्तर फाइलवर लिहून घ्यावे.

गोळी चालू ठेवायची ठरली तर ती जेवताना किंवा जेवणानंतर लगेच घ्यावी. हळूहळू विरघळणारी, म्हणजे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली गोळी चावू किंवा कुटू नये. तिचे पोकळ कवच शौचात दिसले तर औषध वाया गेले असे नाही. औषध शोषले गेलेले असते, उरते ते टरफल. उलट्या इतक्या होत असतील की पाणीही पोटात ठरत नाही, तर मेटफॉर्मिन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना ते धोकादायक ठरू शकते. वर्षानुवर्षे हे औषध घेतल्याने बी १२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी घरात ते आधीच बेताचे असते. त्यातच आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सर्रास दिली जाते, आणि तिच्यामुळे बी १२ च्या कमतरतेतून होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो. म्हणून बी १२ ची तपासणी आधीच करून घ्यावी. फॉलिक अ‍ॅसिड मात्र दिवस राहण्यापूर्वी किमान महिनाभर सुरू असावे. सर्वसाधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम आहे. मधुमेह किंवा जास्त वजन असल्यास डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात.

थायरॉइडची गोळी कधीही थांबवायची नाही. उलट दिवस राहताच तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते, म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासावा. गर्भ टिकावा म्हणून सुरू केलेले प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन हेही सांगितलेल्या आठवड्यापर्यंत घ्यावे. पाकीट संपले म्हणून परस्पर थांबवू नये. मायो-इनॉसिटॉलच्या पुड्या, कांचनार गुग्गुळ, शतावरी कल्प यांना कोणी औषध समजत नाही, पण त्याही पिशवीत असाव्यात.

गोळ्या ठरल्या की वेळांचा प्रश्न उभा राहतो, आणि इथे चुका फार होतात. थायरॉइडची गोळी लोह किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. त्यांत चार तासांचे अंतर हवे. लोह आणि कॅल्शियमही एकत्र घेऊ नयेत. सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, त्यानंतर किमान अर्ध्या तासाने चहा. साडेदहाच्या सुमारास लोहाची गोळी साखर न घातलेल्या लिंबूपाण्याबरोबर. दुपारी आणि रात्री जेवणाबरोबर कॅल्शियम, आणि असल्यास मेटफॉर्मिनही. हा क्रम बहुतेक घरांत बसतो. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, ती साधारण चौथ्या महिन्यापासून देतात. कॅलेंडरच्या मागच्या पानावर हे वेळापत्रक लिहून स्वयंपाकघरात टांगावे. मोबाइलचा गजर बंद करून पुन्हा झोपता येते, ओट्यासमोरचा कागद मात्र दिसत राहतो.

पीसीओएसमध्ये शेवटच्या पाळीवरून मोजलेले आठवडे चुकतात, कारण बीज नेमके कधी सुटले हे ठाऊक नसते. म्हणून पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून बाळाचे वय निश्चित करून घ्यावे. पुढच्या सगळ्या औषधांच्या तारखा त्यावरच ठरतात. पहिले गरोदरपण, पस्तिशी उलटलेली, जास्त वजन अशी कारणे एकत्र आली की रक्तदाबाचा धोका कमी करण्यासाठी डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून रात्री कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. ती सोळाव्या आठवड्याआधी सुरू झाली तरच खरी उपयोगी. घरी किंवा केंद्रात १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब आढळला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

साखरेसाठी आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशी असण्याची अट नाही, आणि १४० किंवा अधिक आकडा आल्यास गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिल्याच भेटीत ही तपासणी व्हावी आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा व्हावी. मेटफॉर्मिन चालू असेल तर तसे सांगावे, कारण त्याने आकडा कमी येऊ शकतो. इन्सुलिन सुचवले तर ‘आपलेच काही चुकले’ असे मनाला लावून घेऊ नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अभ्यासात मेटफॉर्मिनवर ठेवलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना इन्सुलिनची जोड द्यावी लागली होती, आणि इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. ते चालू असताना मात्र संकष्टीचा किंवा नवरात्राचा उपास करू नये. दिवसभर उपाशी राहून साखर उतरते, आणि चंद्रोदयानंतरच्या साबुदाण्याच्या खिचडीने ती एकदम चढते. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवले तर घरातला वाद वाचतो.

प्रसूतीनंतर साखरेची औषधे बहुतेकदा लगेच कमी होतात किंवा थांबतात. मेटफॉर्मिन पुन्हा लागले तरी ते दुधातून अगदी थोडे उतरते आणि स्तनपानात चालते. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, वजनाची इंजेक्शने आणि मुरुमांची कॅप्सूल यांची घाई करू नये. पाळी सुरू होण्याआधीच बीज सुटू शकते, म्हणून गर्भनिरोधनाचा निर्णय रुग्णालयातून घरी येण्यापूर्वी घ्यावा. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, आणि बाळाच्या धावपळीत ती सर्रास राहून जाते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. लसीच्या कार्डावर त्या तारखेपुढे ‘आईची साखर’ असे पेनाने लिहून ठेवावे.