इमॅजिननेटिव्हला जाण्याआधी: तयारीची यादी

मे संपत आला की टोरंटोशेजारच्या आमच्या मिसिसॉगातल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "ताई, यंदा कोणते दिवस? काय काय बघायचं?" इमॅजिननेटिव्ह हा टोरंटोत भरणारा आदिवासी चित्रपटकारांचा महोत्सव. पहिल्यांदा भरला २००० साली, आणि आज या प्रकारचा जगातला सर्वांत मोठा महोत्सव आहे. पूर्वी तो ऑक्टोबरमध्ये असायचा, २०२४पासून जूनच्या सुरुवातीला असतो. पहिल्यांदा कुणाच्या घरी जाताना आपण रिकाम्या हातानं जात नाही. इथे हातात न्यायचं ते थोडं आधी पाहिलेलं आणि थोडं समजून घेतलेलं, म्हणून माझी यादी तिकिटांच्या दोन आठवडे आधी सुरू होते.

पहिलं काम शब्दांचं. शाळेच्या भूगोलात आपण "एस्किमो" वाचलं, गोष्टींच्या पुस्तकांत "रेड इंडियन" वाचलं. हे दोन्ही शब्द आता सोडून द्या, ते ऐकून समोरच्याला लागतं. एस्किमोऐवजी इनुइट म्हणा. इनुइट याचा अर्थच "माणसं", आणि एकट्या माणसाला म्हणायचं इनुक. कॅनडात फर्स्ट नेशन्स, मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) आणि इनुइट असे तीन मोठे आदिवासी समूह आहेत. त्यांतल्या फर्स्ट नेशन्सचेच सहाशेच्या वर समुदाय आहेत, आणि तिन्ही समूहांच्या मिळून भाषा सत्तरहून अधिक. कार्यक्रमपत्रिकेत दिग्दर्शकाच्या नावाशेजारी क्री, हैडा, मिकमॅक, अनिशिनाबे असं लिहिलेलं दिसेल. ते वाचून घ्या आणि बोलताना तेच नाव घ्या. मराठी ऐकून कुणी "म्हणजे हिंदीच ना?" म्हटलं तर आपण लगेच दुरुस्त करतो, तेवढी काळजी इथे आपण घ्यायची. मराठीत बोलताना मी "आदिवासी" म्हणते. "मूलनिवासी"ला आपल्याकडे स्वतःचा वेगळा राजकीय अर्थ आहे. शिवाय नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत ९ ऑगस्टला जो दिवस साजरा होतो, तो जागतिक आदिवासी दिनच.

मग घरबसल्या पाहायचे दोन-तीन चित्रपट. इथल्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर अलानिस ओबोमसाविन यांचं काम विनामूल्य बघता येतं. त्या अबेनाकी, जन्म १९३२चा. त्यांचा पहिला माहितीपट १९७१चा, "ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी". लांबी जेमतेम तेरा मिनिटं. पडद्यावर मुलांनी काढलेली चित्रं आणि कानावर मुलांचेच आवाज, बाकी फारसं काही नाही. मुलांना घेऊन येणार असाल तर आदल्या शनिवारी हा एकत्र बघा. मोठ्यांनी मात्र त्यांचाच "कानेसाताके" बघितल्याशिवाय येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९९० साली क्युबेकमधल्या ओका गावाला गोल्फचं मैदान वाढवायचं होतं, आणि ज्या पाइनच्या झाडीवर डोळा होता तिथे मोहॉक लोकांचं दफनस्थान होतं. लोकांनी रस्ता अडवला, सैन्य आलं, ७८ दिवस वेढा चालला. ओबोमसाविन कॅमेरा घेऊन अडथळ्यांच्या आतल्या बाजूला राहिल्या. बातम्यांचे बहुतेक कॅमेरे बाहेर होते. कॅमेरा कुठल्या बाजूला उभा आहे यानं काय बदलतं, ते या दोन तासांत कळतं.

तिसरा थोडा लांब आहे, जवळजवळ तीन तासांचा, पण जमवाच. इग्लुलिक हे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वरचं छोटं गाव. सत्तरच्या दशकात तिथे टीव्ही आणायचं ठरलं, तेव्हा गावानं दोनदा मतदान करून नकार दिला, कारण त्या टीव्हीत त्यांची इनुक्टिटुट भाषाच नव्हती. त्याच गावचा एक मूर्तिकार, झकारियास कुनुक, १९८१ साली आपल्या कोरीव मूर्ती घेऊन माँट्रियलला गेला, त्या विकल्या आणि आलेल्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेऊन परत आला. वीस वर्षांनी त्याचा "अतानार्युआत" कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचं कॅमेरा द'ऑर पारितोषिक घेऊन आला. पूर्ण इनुक्टिटुटमधला पहिला कथापट. बर्फावरून अनवाणी, उघडा धावणारा तो माणूस एकदा बघितला की विसरणं शक्य नाही. मूर्ती विकून कॅमेरा घेणाऱ्या त्या माणसाचा विचार माझ्या मनात दर जूनमध्ये येतो.

आता कार्यक्रम निवडायचा. नवीन येणारे पत्रिका उघडतात आणि मोठा कथापट शोधतात. माझा आग्रह असतो की एक कथापट आणि एक लघुपटांचा गुच्छ, अशी दोन तिकिटं काढा. नवे लोक लघुपटांत असतात. इथे पुरस्कार मिळालेला लघुपट ऑस्करच्या स्पर्धेसाठी पात्र ठरू शकतो, त्यामुळे करणारे जीव ओतून करतात. भाषेसाठी निवडायला मागेपुढे बघू नका. हैडा भाषा अस्खलित बोलणारे जेमतेम वीसेक लोक उरले असताना २०१८ साली त्या भाषेत पूर्ण कथापट आला, आणि त्यासाठी नटांना आधी शिबिरात बसून आपल्याच पूर्वजांची भाषा शिकावी लागली. असं काही पत्रिकेत दिसलं तर बाकीचं बाजूला ठेवा.

सबटायटल वाचायची सवय नसलेल्यांनी मधल्या रांगेच्या थोडं मागे बसावं. एका वर्षी माझ्या शेजारी एक वयस्क इनुइट बाई होत्या. पांढरी वेणी, मांडीवर घडी घातलेलं जाकीट. पडद्यावर दोन म्हातारे काहीतरी बोलले आणि या खळखळून हसल्या. पुढच्या रांगेतले चारजणही हसले. खालची इंग्रजी ओळ संपवून आम्ही हसलो तेव्हा त्यांचं हसून झालं होतं. महाराष्ट्राबाहेर अमराठी लोकांबरोबर मराठी नाटक बघताना आपण असेच आधी हसतो. त्या दिवसापासून मी डोळे खालच्या ओळीवर कमी आणि माणसांच्या चेहऱ्यांवर जास्त ठेवते, आणि कान उघडे ठेवते.

खेळाआधी व्यासपीठावरून भूमीची नोंद घेतली जाते: ही जमीन कुणाची, हे मोठ्यानं सांगतात. त्या दोन मिनिटांत फोन बाहेर काढू नका. आपण राहतो त्या गावाचं नाव मिसिसॉगा, आणि ते मिसिसॉगा या आदिवासी लोकांवरून पडलं आहे, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना वीस वर्षं राहूनही माहीत नसतं. टोरंटोची जमीन त्यांच्याकडून १८०५च्या करारात १० शिलिंगांना घेतल्याची नोंद आहे. त्या व्यवहाराबद्दलचा त्यांचा दावा २०१० साली १४.५ कोटी डॉलरवर मिटला. येण्याआधी घरातल्या मुलांना एवढं सांगा, नोंद ऐकताना ती सरसावून बसतात.

मुलांच्या बाबतीत आणखी एक तयारी हवी, आणि ती टाळू नका. अनेक चित्रपटांत निवासी शाळा येतात. दीड लाखाच्या आसपास आदिवासी मुलांना घरातून नेऊन या शाळांत ठेवलं गेलं, त्यांची भाषा मारून मारून सोडवली गेली, आणि यांतली शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली. म्हणजे सभागृहात तुमच्या शेजारी बसलेली व्यक्ती त्यातून गेलेली असू शकते. पत्रिकेतली सूचना वाचून वयाप्रमाणे ठरवा, आणि घरी परतल्यावर बोलायला संध्याकाळ मोकळी ठेवा.

जाण्यायेण्याचं थोडक्यात: बरेच खेळ किंग स्ट्रीटवरच्या टिफ लाइटबॉक्स या चित्रपटगृहात असतात. गो ट्रेननं युनियन स्टेशनला उतरून पंधरा मिनिटं चाला, किंवा सेंट अँड्र्यू स्टेशन गाठा. गाडी आणू नका. जून असला तरी आत एसी कडक असतो, शाल हवीच. जेवून या. एक दुपार ४०१ रिचमंडच्या इमारतीसाठी राखून ठेवा, तिथल्या दालनांत आदिवासी कलाकारांची मांडणशिल्पं आणि व्हिडिओ असतात. कुठे सेज या सुगंधी वनस्पतीची पानं जाळून धूर घेतला जाताना दिसेल. आपल्या घरातल्या धूप-उदासारखाच त्याचा मान आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय फोटो नको.

खेळ संपल्यावर उठू नका. दिग्दर्शक पुढे येऊन बसतात तो अर्धा तास मला चित्रपटाइतकाच मोलाचा वाटतो. मागे आमच्याच गटातल्या एकानं प्रश्न म्हणून पाच मिनिटं स्वतःचे विचार ऐकवले, आणि तरुण दिग्दर्शिका शांतपणे ऐकत राहिली. मला आजही ते टोचतं. प्रश्न एका वाक्याचा असावा आणि तिच्या कामाबद्दल असावा: तो आवाज कुठे टिपला, आजीला कॅमेऱ्यासमोर कसं बसवलं. "आम्ही काय मदत करू?" हे त्या जागी विचारू नका. तिकीट काढलंत, थांबलात, ऐकलंत, चार जणांना सांगितलंत, ही मदतच आहे.

घरात कुणी चित्रपट करत असेल तर हेही लिहून ठेवा. इमॅजिननेटिव्ह आदिवासी कलाकारांसाठीच आहे, तिथे आपली प्रवेशिका नको. कॅनडात राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी रीलवर्ल्ड हा महोत्सव आहे. अभिनेत्री टोन्या विल्यम्स यांनी २००० साली त्याची स्थापना केली. कृष्णवर्णीय, आदिवासी, दक्षिण आशियाई अशा सगळ्या वर्णांच्या कॅनेडियन चित्रपटकारांना तो जागा देतो.

मात्र गावाकडे, धडगावला, मेळघाटात किंवा भामरागडला, गोंडी, कोरकू किंवा पावरीत काही टिपणारा मुलगा-मुलगी ओळखीत असेल, तर इमॅजिननेटिव्हचे नियम त्यांच्यापर्यंत आजच पोचवा. तो महोत्सव जगभरातल्या आदिवासी कलाकारांचं काम दाखवतो. इंग्रजी सबटायटल लागतील. ती करताना गोंडीचं आधी मराठी आणि मग मराठीचं इंग्रजी असं करू नका. गोंडी बोलणाऱ्या माणसाला शेजारी बसवा, प्रत्येक ओळ त्याच्या तोंडून समजून घ्या, आणि जिथे तो हसेल तिथे थांबून विचारा की का हसलास.