पित्ताचं डोकं की अर्धशिशी, कसं ओळखायचं बघा

आमच्या सांगलीत डोकं दुखलं की निदान ठरलेलंच, पित्त झालंय. मला आठ वर्षं पित्तच होतं. डोकं ठणकायला लागलं की आई आलेपाक हातावर ठेवायची, ओढणी कपाळाला करकचून बांधायची, मग एकदा उलटी झाली की झोप लागायची आणि उठल्यावर मी ठणठणीत, म्हणजे पित्तच की, उलटीनं उतरलं ना. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरनी गोळी लिहायच्या आधी नुसते प्रश्नच विचारले आणि म्हणाले अहो हे मायग्रेन आहे, उलटी हे त्या दुखण्याचंच लक्षण आहे, कारण नाही.

त्यांनी काय विचारलं ते सांगते, तुम्हीपण स्वतःला विचारून बघा. डोकं दुखताना मळमळतं का, उजेड सहन होत नाही का, आणि गेल्या तीन महिन्यांत डोक्यापायी एखादा दिवस तरी काम सोडून पडून राहायला लागलं का. तिनातल्या दोनाला हो आलं तर मायग्रेनची शक्यता बरीच आहे, मग डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

आता दुखणं कसं असतं ते. नाव अर्धशिशी, त्यामुळं लोकांना वाटतं अर्धंच डोकं दुखलं पाहिजे, तसं काही नाही. बऱ्याचदा एका बाजूलाच असतं, पण बाजू बदलते आणि कुणाकुणाचं सगळंच डोकं दुखतं. नाडीसारखं ठणठण उडतं. माझी साधी परीक्षा म्हणजे जिना, दोन मजले चढून बघा किंवा खाली वाकून केर भरून बघा, ठणका वाढला तर संशय घ्यायचा. गोळी घेतली नाही तर ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, समोरच्या गाडीचा हेडलाईट, सगळं डोक्यात घुसतं. वासाचं तर विचारूच नका, मार्केट यार्डातला हळदीचा वास एरवी मला आवडतो पण त्या दिवशी तिकडनं रिक्षा गेली तरी उमासा येतो.

टेन्शनचं डोकं वेगळं. ते दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं दुखतं, उलटी होत नाही, आणि माणूस कुरकुरत का होईना काम करतो. मायग्रेनवाला अंधाऱ्या खोलीत गप पडून राहतो. सायनसनं तर लई जणांना फसवलंय, कारण मायग्रेनमध्येपण नाक वाहतं, डोळ्यातनं पाणी येतं, मग वर्षानुवर्षं वाफ घेणं चालू. ताप नाही, पिवळा घट्ट शेंबूड नाही आणि दुखणं अधूनमधून येऊन जातंय, तर एकदा मायग्रेनचा विचार करा.

काहींना आदल्या दिवसापासूनच चाहूल लागते. सारख्या जांभया, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. इथं एक गंमत आहे, आपण म्हणतो चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं, पण कधीकधी अटॅक आधीच सुरू झालेला असतो आणि म्हणूनच चॉकलेट खावंसं वाटलेलं असतं! दुखणं गेल्यावरपण एखादा दिवस अंग गळून गेल्यासारखं वाटतं, डोकं चालत नाही, त्याला आळस म्हणू नका.

काही थोड्या लोकांना डोळ्यांपुढं चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात किंवा बोटांत मुंग्या येऊन त्या हळूहळू हात चढत तोंडापर्यंत जातात, त्याला ऑरा म्हणतात, ५ मिनिटं ते तासभर टिकतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. एकदम एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मायग्रेन मायग्रेन करत घरात बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तसंच आयुष्यात कधी झालं नाही असं एका मिनिटात कळस गाठणारं दुखणं, ताप आणि मान ताठ, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, यातलं काही असलं तर थांबू नका.

आणि डॉक्टरकडं जाण्याआधी दोन-तीन महिने कॅलेंडरवर खुणा करा. दुखलं त्या तारखेला गोल, गोळी घेतली की फुली, पाळीची तारीखपण लिहा कारण बायकांत पाळीच्या आसपास हे हमखास उसळतं. फुल्या मोजा हं, साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं.

माझ्या कॅलेंडरवर सहा महिन्यांत चार गोल संकष्टीच्या चौकोनात निघाले. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढं आणि तोवर मी चहावर, उपाशी राहिल्यानं अटॅक येतो हे तेव्हा कळलं. आता संकष्टीला दुपारी साबुदाण्याची खिचडी खाते, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.