जुन्या कर्जाच्या वसुलीची धमकी आली? या चुका टाळा

बँकेच्या वसुली खात्यात माझी एकोणीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यापासून ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली माणसं नोटिसा घेऊन घरी येतात. गोष्ट बहुतेक एकच असते. क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन २००८-१० चं, नोकरी गेली, हप्ते थकले, मग दहा-बारा वर्षं कुणी विचारलं नाही. मधल्या काळात बँकेने ते खातं इतर शेकडो खात्यांबरोबर एखाद्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला, म्हणजे बुडीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकलेलं असतं. आणि एक दिवस फोन येतो, "उद्या पोलीस घेऊन दारात उभा राहतो." माणूस हादरतो आणि त्या घाबरलेल्या दोन दिवसांत जे करू नये तेच करून बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख न काढता बोलणी सुरू करणं. विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने साधारण तीन वर्षं दिली आहेत. त्या आत दावा लागला नाही, मधे तुमची लेखी कबुली किंवा भरणा नाही, तर कर्ज मुदतबाह्य होतं. कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो. देणं मात्र पुसलं जात नाही. म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी पहिल्यांदा जुनं पासबुक मागतो. शेवटचा हप्ता कधी भरला, त्यानंतर कुठल्या कागदावर सही केली, कोर्टाचं काही आलं होतं का, हे वहीच्या एका पानावर लिहून घेतो. ते पान तयार होईपर्यंत फोन उचलायचा नाही, हा माझ्या घरचा नियम आहे. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना आजच्या आज विषय संपवायचा असतो, आणि वसुलीवाला नेमका त्याच घाईवर जगतो.

हिशोबात तीन ठिकाणी लोक फसतात. करोनाच्या काळात सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, त्यामुळे जून २०१८ ला थकलेल्या कर्जाची मुदत जून २०२१ ला नव्हे, २०२३ च्या मे-जूनपर्यंत गेली. घर गहाण असेल तर मुदत बारा वर्षांची, आणि पूर्वीच हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा निकाल, झालेला असेल तर त्याच्या अंमलबजावणीलाही बारा वर्षं. तिसरं पतसंस्थेचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडून येणं असलेल्या रकमेची मुदत तो मयत झाल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून मोजतात. तुम्ही अजून सभासद असाल तर "तीन वर्षं झाली, सुटलो" हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला साफ चुकीचा आहे.

आता सहीबद्दल. हे मी सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगतो.

एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे आले होते. पर्सनल लोन २००९ चं, शेवटचा हप्ता २०११ चा, आणि वसुलीवाला दारात आला २०१९ मध्ये. कर्ज कधीच मुदतबाह्य झालेलं. पोरगा अगदी गोड बोलला. "काका, दोन लाखांचे साठ हजार करून देतो, फक्त इथे सही करा आणि सहा चेक द्या." काकूंनी त्याला चहाही दिला. कागद एकाच पानाचा होता. वर रक्कम, खाली बारीक अक्षरात "मी वरील संपूर्ण थकबाकी मान्य करून ती फेडण्याचे वचन देतो." काकांनी वाचलं ते फक्त साठ हजार. भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं सही केलेलं लेखी वचन हा नवा, अंमलात आणता येणारा करार असतो. म्हणजे मेलेलं कर्ज काकांनी स्वतःच्या हाताने जिवंत केलं. दोन चेक वटले, तिसऱ्या महिन्यात काकूंचं ऑपरेशन निघालं आणि चेक परत गेला. पंधरवड्यात कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, नोटीस आली. ज्या देण्यासाठी साधा दिवाणी दावाही टिकला नसता, त्याच्यापायी सत्तरीतला माणूस फौजदारी कोर्टाच्या व्हरांड्यात तारखा मोजत बसला. माझ्याकडे ते आले तेव्हा तो कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेला होता आणि घड्यांवर फाटायला आला होता. तो आधी दाखवला असता तर, असं मला आजही वाटतं.

म्हणून सही नाही, चेक नाही, आणि व्हॉट्सॲपवर "देतो, जरा वेळ द्या" असं लिहिणंही नाही. एकच वाक्य बोलायचं: "जे काय असेल ते कागदपत्रांसह लेखी पाठवा." मुदत संपायच्या आत थोडी रक्कम चेकने भरली तरी तीन वर्षं नव्याने सुरू होतात, तेव्हा "टोकन म्हणून पाचशे तरी टाका" याला भुलू नका.

ज्याला फेडायचं आहे आणि झेपतं, त्याने जरूर फेडावं. घेतलेलं परत करण्यात मन हलकं होतं, हे मीही मानतो. पण आधी बँकेच्या किंवा कंपनीच्या लेटरहेडवर सेटलमेंटचं पत्र घ्या, पैसे तिच्याच खात्यात भरा आणि मग नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, घ्या. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको.

दुसरी माझी जुनी तक्रार याच्या बरोबर उलट वागणाऱ्यांबद्दल आहे. "मुदत संपली" एवढं कळलं की ते येणारं प्रत्येक पाकीट न उघडता फ्रिजवर टाकतात. वकिलाची नोटीस वेगळी आणि कोर्टाचं समन्स वेगळं. समन्सवर कोर्टाचं नाव, शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि तारीख असते. क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की खरं-खोटं पाच मिनिटांत कळतं. खरं असेल तर वकील करून हजर व्हायलाच हवं. समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा, असेल तर हजेरी नोंदवायला दहाच दिवस मिळतात. मुदतबाह्य दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळायचा असतो हे कायद्यात आहे, पण दाव्यात शेवटच्या भरण्याची तारीख चुकीची घातलेली असेल तर ती खोडायला तिथे तुम्हीच लागता. नाही गेलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो पुढे बारा वर्षं तुमच्या पगाराच्या आणि घराच्या मागे राहतो. मी पाकीट नोटिशीलाच टाचतो, कारण टपालाच्या शिक्क्यावरची तारीख पुढे कामाला येते.

लवादाची नोटीसही फ्रिजवर टाकायची नाही. लोकअदालतीची आली तर घाबरू नका, न गेल्याने अटक होत नाही. पण तिथे तडजोडीवर सही केलीत तर ती हुकूमनाम्याइतकीच पक्की, आणि तिच्यावर अपील नाही.

व्हॉट्सॲपवर आलेलं वॉरंट खोटं समजा. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत.

फोनवर शिव्या देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही, नातेवाइकांना त्रासही देता येत नाही. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. तुमचा आवाज चढला की तेवढंच रेकॉर्डिंग ते पुढे करतात.

आणि वडिलांच्या कर्जासाठी मुलांना फोन येतात तेव्हा "मी भरतो" म्हणू नका. तुम्ही जामीनदार नसाल तर वारस म्हणून देणं लागतं ते वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरतंच. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच रडत आली, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बापाचं कार्ड होतं. आम्ही चार ओळींचं पत्र लिहिलं: वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला आहे, त्यांच्यामागे काही मालमत्ता नाही, मी जामीनदार नाही, यापुढे फक्त लेखी कळवा. रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पोचपावती तिने वहीत चिकटवली. फोन महिन्याभरात थांबले.