पावसाळ्यात लेन्सचा माउंट कसा जपायचा, आणि डाग पडलाच तर काय करायचं

नाशिकजवळचं पहिने, भावली, हरिहर करून आलं की आपण कॅमेरा वरवर पुसतो आणि बॅगेत टाकून मोकळे होतो, पण पाणी थांबलेलं असतं माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या मेटलच्या रिंगेवर, लेन्स आणि बॉडीच्या मधल्या फटीत. वेदर सीलिंगवाल्या (पाणी-धुळीपासून बंदिस्त केलेल्या) लेन्सला मागे रबरी रिंग असते, ती पाणी आत जाऊ देत नाही एवढंच, फटीतलं पाणी काही ती सुकवत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी बसा. आधी बाहेरून सगळं कोरडं करा, कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर, मग पंखा बंद करून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून लेन्स काढा आणि दोन्हीकडच्या रिंगा कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. एसी गाडीतून आला असाल तर बॅग निदान अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर गार मेटलवर लगेच दव धरतं.

डाग आधीच असेल तर रंग बघा. चांगल्या लेन्सचे माउंट बरेचदा पितळेचे असतात, वरून क्रोमचं प्लेटिंग. प्लेटिंग झिजून नुसतं पिवळं दिसत असेल तर काळजी नको, पण देवघरातल्या निरांजनावर येतो तसा हिरवट थर दिसला तर ओल बसलीय. पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम, तांबूस म्हणजे स्टीलचे स्क्रू गंजायला लागलेत.

आणि प्लीज, पितळ आहे म्हणून चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीच लावू नका, आम्ल आणि पावडर दोन्ही आत जातात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाईल रिपेअरचं सामान विकतात तिथे मिळतं, नाशिकला असाल तर एमजी रोडला विचारा. इअरबड नुसता ओलसर करायचा, थेंब पडता कामा नये, लेन्सचा माउंट खाली करून हळूहळू पुसायचं. कोकणात जाऊन आला असाल तर आधी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं फडकं फिरवा कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, मग अल्कोहोल.

माउंटमधले सोनेरी ठिपके, ज्यांतून लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी बोलतात, त्या कॉन्टॅक्टवर खोडरबर किंवा पॉलिश पेपर अजिबात नको, सोन्याचा थर फार पातळ असतो आणि एकदा गेला की खालचं मेटल उघडं पडतं. कॅननवर एरर ०१ (लेन्स आणि कॅमेऱ्याचा संपर्क नीट होत नाही असा मेसेज) येत असेल तर कॉन्टॅक्ट असेच अल्कोहोलने पुसून बघा, कितीतरी वेळा तेवढ्यानेच काम होतं. डब्ल्यूडी-४० तर लांबच ठेवा, तेल सरकत सरकत ॲपर्चरच्या (लेन्समध्ये प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांवर जातं.

रिंगचे स्क्रू घरी खोलू नका. तिच्याखाली कागदासारख्या पातळ चकत्या असू शकतात, त्यांच्यामुळे लेन्स नेमक्या अंतरावर बसते. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या एफ माउंटला ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफ माउंटला ४४ मिमी, ते जरा जरी हललं तरी फोकस बिघडतो. खड्डे पडले असतील किंवा पाणी आत गेलंय असं वाटलं तर कॅमेरा चालू करून बघू नका, तसाच सर्व्हिसला न्या.

ठेवायला लेदर केस नको, ओल धरते. तांदळाचा डबा पण नको, पिठूळ धूळ लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारा, तो ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे, ६० च्या वर बुरशीची भीती. नारंगी जेल हिरवं झालं की तापवून परत नारंगी करायचं, आषाढ-श्रावणात हे नेहमीपेक्षा लवकर करावं लागतं.