मानेतल्या गाठीत कॅन्सर, पण मूळ सापडत नाही? पेट स्कॅनच्या वेळी या चुका टाळा

मानेच्या गाठीत सुई घालून तपासणी केली, रिपोर्टमध्ये 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' (तोंड-घशाच्या अस्तरासारख्या पेशींचा कॅन्सर) आलं, आणि तोंड-घसा बघून डॉक्टर म्हणाले, "मूळ कुठे दिसत नाही." अशा वेळी ते मूळ, म्हणजे कॅन्सर जिथे सुरू झाला ती जागा, बऱ्याचदा टॉन्सिलच्या खाचेत नाहीतर जिभेच्या बुडाशी दडलेलं असतं, जेमतेम काही मिलिमीटरचं. पेट-सीटी (कॅन्सरच्या जागा उजळून दाखवणारा स्कॅन) त्याच्या शोधात खूप मदत करतो, पण क्रम चुकला की तोच चकवतो.

सगळ्यात महागात पडते ती घाई: आधी टॉन्सिलचा तुकडा काढायचा (बायोप्सी) आणि आठवड्याभरात पेट करायचा. या स्कॅनआधी इंजेक्शनने दिलं जाणारं एफडीजी हे द्रव्य साखरेसारखं असतं. ज्या पेशी जास्त साखर ओढतात तिथे चित्र उजळतं. भरून येणारी जखमही साखर ओढते. मग ती चमक कॅन्सरची की बायोप्सीची, हे ठरवणं अवघड होतं. म्हणून आधी पेट, नंतर भूल देऊन दुर्बिणीने तपासणी आणि संशयित जागेचे तुकडे. मानेची गाठ सुरुवातीलाच चिरून काढू देऊ नका. सुईच्या नमुन्यात पुरेसा ऐवज असेल तर त्यावरच पी१६ (एचपीव्ही विषाणूची खूण ठरणारं प्रथिन) आणि ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) यांची तपासणी होऊ शकते. पी१६ पॉझिटिव्ह आलं तर रोख टॉन्सिल-जिभेकडे वळतो, ईबीव्ही आलं तर नाकामागच्या घशाकडे.

दुसरी गडबड इंजेक्शननंतरच्या तासाभरात होते. पेशंट खुर्चीत बसून मोबाईलवर नातेवाइकांना सगळी हकीकत सांगतो, आणि स्कॅनमध्ये स्वरयंत्र झगझगतं. तोंडात च्युइंगम किंवा सुपारी असेल तर जबड्याचे स्नायू. एसीच्या गारठ्याने मानेतली तपकिरी चरबीही (थंडीत शरीर गरम ठेवणारी) उजळते, म्हणून पांघरूण मागून घ्या. गप्प पडून राहणं हा तयारीचाच भाग आहे, पण हे पेशंटला सांगायचं राहून जातं.

मधुमेह असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. रक्तातली साखर २००च्या वर असेल तर बरीच सेंटर्स स्कॅन पुढे ढकलतात. ती उतरवायला स्कॅनच्या तोंडावर इन्सुलिन घेतलं, तर एफडीजी स्नायूंत जातं आणि चित्र बिघडतं.

चमक दिसली म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. टॉन्सिल निरोगी माणसाचेही उजळतात; दोन्ही बाजू सारख्या असतील तर फारसं घाबरू नका, एकच बाजू जास्त उजळ असेल तर तिकडे लक्ष हवं. आपल्याकडे टीबीच्या गाठीही अगदी तशाच चमकतात, त्यामुळे तुकड्याच्या रिपोर्टशिवाय निदान नाही. उलट चाळिशीनंतर मानेत पाण्याची गाठ आली तर तिला जन्मजात सिस्ट समजून सोडून देऊ नका. टॉन्सिल-जिभेच्या कॅन्सरच्या गाठी नेमक्या अशाच दिसतात, आणि आतलं पाणी पेटवर फारसं उजळत नाही.

दातांच्या धातूच्या कॅपमुळे सीटीवर पट्टे येतात. जिभेच्या बुडासाठी तेव्हा एमआरआय बरा.

आणि पेट कोरा आला तर? अगदी बारीक ट्यूमर त्याच्या नजरेतून सुटतो. 'काही नाही' म्हणून घरी बसू नका. पुढची पायरी दुर्बिणीने तपासणी, गाठीच्या बाजूचा टॉन्सिल पूर्ण काढणं, आणि सोय असेल तिथे जिभेच्या बुडाचा टॉन्सिलही. जागा सापडली तर रेडिएशन तेवढ्यापुरतं आखता येतं. नाही सापडली तर घशाचा बराच मोठा भाग त्याखाली येऊ शकतो, आणि मग तोंडाची कोरड आणि गिळायचा त्रास वाढतो.