युरोपातल्या खेड्यात कारशिवाय मुक्काम: घर कसं शोधाल?

आधी घर पसंत करायचं आणि मग बस शोधायची, हा क्रम उलटा करा. प्रथम रेल्वेमार्ग निवडा, नकाशावर त्याची छोटी स्टेशनं पाहा आणि तिथून दीड-दोन किलोमीटरच्या आतलीच घरं शोधा. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’ बहुधा कारची असतात. चालायचं अंतर किती, चढ आहे का, रस्त्याला फुटपाथ आहे का, हे घरमालकाला स्पष्ट विचारा.

बसवर भिस्त असेल तर वेळापत्रक तुमच्या नेमक्या तारखेचं बघा. खरी गोची इथेच होते. फ्रान्स-जर्मनीच्या खेड्यांतल्या बऱ्याच बस शाळेच्या वेळांवर बेतलेल्या असतात. शाळांना सुट्टी लागली की फेऱ्या घटतात, आणि आपण जातो नेमके तेव्हाच! रविवारी काही गावांत एकही बस नसते. जर्मनीतली ‘रूफबुस’ तर आगाऊ नोंदवल्याशिवाय येतच नाही.

सर्वांत सोपा देश स्वित्झर्लंड: पिवळ्या पोस्टबस डोंगरातल्या गावांपर्यंत जातात, रेल्वेच्या वेळांशी जुळतात. महाग मात्र आहे. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या सहभागी गावांत राहिलात तर ‘कोनुस’ पाहुणे-कार्डावर तिथल्या बस आणि लोकल रेल्वे फुकट. गाव त्या यादीत आहे ना, हे बुकिंगआधीच तपासा. लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून दुसऱ्या वर्गाचा प्रवास सर्वांनाच मोफत आहे.

जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी पोचणार असाल, तर किराणा वाटेतल्या मोठ्या स्टेशनवरच घ्या.