क्योतो आणि नारा पाहायला जाताय? या चुका टाळा

ओसाकात राहायला आल्यापासून नातेवाइकांचे, त्यांच्या शेजाऱ्यांचे आणि शेजाऱ्यांच्या व्याह्यांचे क्योतोचे बेत माझ्याकडे तपासायला येतात. माणसं बदलतात, चुका त्याच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्योतो एका दिवसात उरकणं. बेत साधारण असा असतो: सकाळी अराशियामाचं बांबूचं बन, मग फुशिमी इनारी, म्हणजे लाल कमानींचं शिंतो देऊळ, दुपारी नारा आणि येता येता किंकाकुजी, म्हणजे ते सोन्याचं मंदिर. येता येता! अराशियामा शहराच्या पश्चिम टोकाला, फुशिमी इनारी आग्नेयेला, नारा तर दक्षिणेचं वेगळंच शहर, आणि किंकाकुजी वायव्येला. त्याच्या जवळपास मेट्रोचं स्टेशन नाही. क्योतोत मेट्रोचे मार्गच मुळी दोन. बाकी भिस्त बसवर, आणि बस गर्दीत तुंबते.

ठाण्याचं एक कुटुंब हाच बेत घेऊन आलं होतं. मी नको म्हटलं, पण काकांनी सगळं एक्सेलमध्ये मिनिटांसकट बसवलं होतं. नारात हरणांपाशी वेळ गेला. नातवाच्या हातातली बिस्किटं संपल्यावर एका हरणाने काकांच्या मागच्या खिशातून तो छापलेला बेतच ओढला आणि अर्धा खाल्ला. मग उशीर झाला म्हणून नारातलं तोदाईजी, म्हणजे महाबुद्धाचं मंदिर, गाळलं. ७५२ साली ज्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतातून आलेल्या भिक्षूने केला, त्याच्या दाराशी जाऊन भारतातले लोक परत फिरले. एवढं करून किंकाकुजीला पोचलो तर पाच वाजून गेलेले, फाटक बंद. "जास्त पैसे देतो म्हणावं," काका मला म्हणाले. मी ते भाषांतर केलं नाही.

तिकीट लावणारी बहुतेक मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात, आणि आत सोडणं त्याच्याही आधी थांबतं. म्हणून माझी सवय: एका दिवशी शहराची एकच बाजू. कियोमिझुदेरा पहाटे सहाला उघडतं, तेव्हा पोचायचं. मग सान्नेनझाका-निनेनझाकाच्या उतारांवरून दुकानं उघडायच्या आत खाली यायचं आणि दुपारी सरळ आराम करायचा. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं आणि फुकट, त्यामुळे ते संध्याकाळी ठेवावं. सुरुवातीच्या कमानींत फोटो काढून नव्वद टक्के मंडळी माघारी वळतात असं मला वाटतं. डोंगर जेमतेम २३३ मीटरचा आहे हो, चढा की थोडा. गर्दी आपोआप मागे राहते. मात्र नारा लाइनची साधी लोकलच पकडा, जलद गाडी इनारी स्टेशनला थांबत नाही.

जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जपानच्या रेल्वेचा पास, याबद्दल एकच सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तोक्यो-क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट १४,००० येनच्या आसपास पडतं. नुसतं जाऊन-येऊन असेल तर पास कशाला?

आता शाकाहारी मंडळी. इथे मला खरा वैताग येतो, कारण सगळ्यांना वाटतं की फोनवरच्या अ‍ॅपमध्ये "मांस नको, मासे नको" लिहून दाखवलं की झालं. वेटर मान डोलावतो, कारण वाडग्यात मांसाचा किंवा माशाचा तुकडा खरंच नसतो. पण रस्सा असतो दाशीचा, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेल्या पाण्याचा, आणि दाशीत बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचा कीस. मिसो सूप, उदोन नूडल्स, सोबा नूडल्सबरोबरचा चटणीवजा पातळ सॉस, गोडसर ऑम्लेट, सगळीकडे तीच. पालकाच्या उकडलेल्या भाजीवर तर तो कीस वरून भुरभुरलेला असतो. एक मावशी तीन दिवस आनंदाने उदोन खात होत्या. चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेने त्यांना रश्श्यात काय असतं ते सांगितलं, आणि पुढचा प्रवास केळी आणि दह्यावर झाला.

अ‍ॅपवर विसंबू नका. "माशाची दाशी आणि कात्सुओबुशीसुद्धा चालत नाही" असं स्वच्छ जपानीत लिहिलेलं कार्ड घरूनच छापून आणा. एक वेळ तरी मंदिरातलं शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, जेवा, आधी आरक्षण करून. त्यात दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके मशरूमची असते, आणि कांदा-लसूणही नसतो. नान्झेनजी मंदिराजवळचं युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं टोफू, छान, पण सोबतच्या सॉसबद्दल विचाराच. बाकी मेतकूट आणि दशम्या बॅगेत असू द्या, त्यात लाज कसली.

गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरू नका. तिथे बंदीचे फलक आहेत, दंड १०,००० येन. रस्त्यात गेइको-माइको, म्हणजे क्योतोच्या गेइशा आणि शिकाऊ गेइशा, दिसल्या तर वाट अडवून फोटो काढणारे आपलेच निघाले की मान खाली जाते. टाळ्या शिंतो देवळात वाजवायच्या, बुद्धमंदिरात नुसते हात जोडायचे. सिटी बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे, आणि भाड्याची पेटी उरलेली मोड परत देत नाही. मोठ्या सुटकेसी घेऊन तर त्या बसमध्ये चढूच नका. हॉटेलला सांगून ताक्क्यूबिन या सामान पोचवणाऱ्या कुरिअरने पुढच्या मुक्कामी पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात.

आणि निजो किल्ल्याच्या महालात बूट काढूनच आत सोडतात, तेव्हा नाडीचे उंच बूट घालून येऊ नका. तुमच्या मागे अख्खी रांग उभी असते.